त्याचं 'हो' इतक्यात धरू नकोस

आधी पत्र देते. थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, माझा धाकटा भाऊ, वय २४, कॉम्प्युटरचं शिकलेला. ओळखीतल्याच एका मित्राच्या सांगण्यावरून परदेशात डेटा एन्ट्रीच्या नोकरीला गेला. विमानतळावरून गाडीत घातलं, रात्रभर प्रवास, पार सीमेपलीकडे उंच भिंतीच्या एका आवारात नेलं, पासपोर्ट काढून घेतला आणि फेक प्रोफाइल बनवून लोकांना चॅटवर फसवायला बसवलं. टार्गेट झालं नाही की दंड, मारहाण. अकरा महिन्यांनी छापा पडला तेव्हा सुटला. घरी येऊन चार महिने झाले. तसा शांत असतो, काही त्रास नाही. फक्त बाथरूमला जायचं तरी 'जाऊ का?' विचारतो, रात्री झोपत नाही, फोन वाजला की दचकतो. बाबा म्हणतात, मुलगा असून अकरा महिने पळून का नाही आला, आणि स्वतःच्या पायाने गेला होता ना. आई त्या मित्राला शिव्याशाप देते. मला वाटतं निदान बाकीची मुलं तरी वाचावीत. मी कॉलेजात शिकवते, ३० जुलैला तिथे कार्यक्रम ठेवतेय. त्याने स्वतः बोलावं असं सुचवलं तर लगेच 'हो, चालेल' म्हणाला. बोलला तर त्याचंही मन मोकळं होईल ना? त्याची तयारी कशी करून घेऊ? आणि एक बारीकसं विचारायचंय, रात्री त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवू की बंद? - एक बहीण"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले. कार्यक्रमाचं विचारलं तर तो लगेच 'हो, चालेल' म्हणाला असं तू लिहिलंयस, आणि त्याच्या थोडंसं वर लिहिलंयस की बाथरूमला जायचं तरी तो 'जाऊ का?' विचारतो. तुला या दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटल्या, मला ती एकच वाटते.

तो जिथे होता तिथे कधी उठायचं, किती वेळ खुर्चीत बसायचं, कोणाशी बोलायचं, कधी झोपायचं हे सगळं दुसरं कोणीतरी ठरवत होतं, आणि नाही म्हटलं की काय होतं हे त्याने स्वतःच्या अंगावरही बघितलंय आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाच्या अंगावरही बघितलं असणार. अकरा महिने त्याने 'हो' हा शब्द मार चुकवायला वापरलाय गं. आता समोर तू आहेस, सख्खी बहीण, प्रेमाने विचारतेयस, पण त्याच्या शरीराला हा फरक अजून कळलेला नाहीये. शरीराला उशिरा कळतं.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की जोवर तो तुला कशाला तरी सरळ 'नाही, मला नको' म्हणत नाही, तोवर त्याचं 'हो' धरायचं नाही. ३० जुलैच्या कार्यक्रमासाठी तर नाहीच नाही.

हे मला एका चुकीतून कळलंय म्हणून इतकं ठामपणे सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका निवारा केंद्रात आठवड्यातून दोन दिवस मदतीला जायचे. तिथल्या एकीला, घरकामाला म्हणून नेऊन कोंडून ठेवलेली होती ती, आम्ही एका कार्यक्रमात बोलायला सांगितलं. लगेच हो म्हणाली. बोललीही छान, कुठे अडखळली नाही, माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. लोक रडले, उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या चालू असताना ती पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी विचारत होती, "बसू का?" मी मान हलवली तेव्हा बसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. कार्यक्रम संपल्यावर एकजणीने तिला बाहेर गाठून नको ते तपशील विचारले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला सगळे सांगत होते की कार्यक्रम फार परिणामकारक झाला. ते वाक्य मला आजही टोचतं.

आता 'मन मोकळं होईल' याबद्दल. हे आपण सगळेच मानतो, एकदा काय ते सगळं बोलून टाकलं की हलकं वाटतं. रोजच्या दुःखाला ते लागूही पडत असेल. पण अशा धक्क्यातून आलेल्या माणसाला एका बैठकीत सगळं बोलायला लावू नये असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे, त्याने फायदा होत नाही. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये बरं होण्याचे तीन टप्पे मांडले, त्यात पहिला टप्पा सुरक्षिततेचा, आठवणं आणि शोक करणं त्याच्या नंतर, आणि पुन्हा माणसांत मिसळणं त्याहून नंतर. तुझा भाऊ अजून पहिल्या पायरीवर आहे. रात्री झोप नाही, फोन वाजला की दचकतो, म्हणजे सुरक्षित वाटायलाच अजून सुरुवात व्हायचीय, आणि आपण त्याला थेट स्टेजवर चढवायला निघालोय.

'तसा शांत असतो, काही त्रास नाही' असं तू लिहिलंस ना, त्याचीही मला काळजी वाटते. ही शांतता पण एक लक्षण असू शकते. ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या मोठ्या धक्क्यावर, काम करणाऱ्या काउन्सेलरकडे जायला हवं, नुसत्या 'पॉझिटिव्ह विचार कर' म्हणणाऱ्याकडे नको. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, ईएमडीआर अशा उपचारपद्धती पीटीएसडीसाठी, म्हणजे अशा धक्क्यानंतर मागे उरणाऱ्या मानसिक त्रासासाठी, वापरल्या जातात, तुझ्या भावाला काय हवं ते तपासणारा माणूस ठरवेल. दीर्घकाळ कोंडून, धाकात ठेवलेल्यांना जो त्रास होतो त्याला आता आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणून स्वतंत्र जागा आहे, म्हणजे मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. आणि साधी शारीरिक तपासणीही राहिली असेल तर करून घ्या, मारहाणीचा जुना मुका मार, डोळे, पाठ, दात. मुलगे हे स्वतःहून सांगत नाहीत. डॉक्टरकडे तू सोबत आत यायचं की बाहेर थांबायचं हेही त्याला ठरवू दे.

बाबांचं बोलणं वाचून वाईट वाटलं, पण राग नाही आला, कारण या प्रश्नामागे बहुतेक त्यांची स्वतःची टोचणी असते, मी त्याला जाऊ कसा दिला ही. तरी पण त्यांना हे दोन वेळा, दहा वेळा, लागेल तितक्या वेळा सांग. मानवी तस्करीबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, पालेर्मो प्रोटोकॉल, २००० सालचा, २००३ पासून लागू झालेला आणि १८० पेक्षा जास्त देशांनी मान्य केलेला, त्यात तीन गोष्टी बघतात: माणसाला मिळवणं, नेणं किंवा ठेवून घेणं, त्यासाठी फसवणूक, धाक, जबरदस्ती किंवा त्याच्या अडचणीचा फायदा घेणं, आणि हे सगळं त्याचं शोषण करायला. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की अशी फसवणूक किंवा धाक वापरला असेल तर माणूस 'हो' म्हणाला होता याला काहीच अर्थ नाही. (१८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर फसवणूक सिद्ध करायचीही गरज नसते.) तुझा भाऊ डेटा एन्ट्रीच्या नोकरीला स्वतःच्या पायाने गेला, त्या भिंतीआड तो स्वतःच्या पायाने गेला नाही. बघ, कायदा बनवणाऱ्यांनाही हे समजलं होतं की 'हो' कुठल्या परिस्थितीत म्हटलंय ते बघावं लागतं.

आणि 'मुलगा असून'? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या कामात अडकलेली होती, त्यात बायका आणि मुली १ कोटी १८ लाख. म्हणजे उरलेले दीड कोटीच्या वर पुरुष आणि मुलगे. आणि तुझा भाऊ ज्यात सापडला ना, ते ऑनलाइन फसवणुकीचे कंपाउंड, त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये अहवाल दिला होता, एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात साधारण १ लाख माणसं अशी अडकलेली असावीत म्हणून, आणि त्यात शिकलेली, दोन-तीन भाषा येणारी, कॉम्प्युटर येणारी पोरं भरपूर, कारण त्या टोळ्यांना तीच हवी असतात. तर शिकलेला असून फसला कसा याचं उत्तर, शिकलेला होता म्हणूनच त्याला हेरलं.

पळून का नाही आला हे तर विचारूच नका. पासपोर्ट नाही, भाषा येत नाही, दारावर पहारा, डोक्यावर रोज वाढणारा दंड, आणि पळालेल्याला परत आणल्यावर काय करतात ते बघितलेलं. तो जिवंत परत आला म्हणजे त्याने रोज काहीतरी बरोबर केलंय.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस पण मला वाटतं ती घरात असणार. तो ज्यांना फसवत होता ती माणसं त्याला आठवत असतील. एकटी, कोणीतरी बोलतंय म्हणून खूश होणारी, पैसे पाठवणारी माणसं. हा अपराधीपणा फार खोल असतो आणि त्यावर 'तुझी काही चूक नाही रे' म्हणून चटकन पडदा टाकलास तर तो पुन्हा बोलणार नाही. त्याने विषय काढला तर ऐक. कायद्याच्या बाजूने सांगायचं तर ज्याला जबरदस्तीने गुन्हा करायला लावला त्याला त्या गुन्ह्यासाठी शिक्षा होऊ नये हे तत्त्व आहे, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, युरोपच्या २००५ च्या करारात आहे, पण सगळीकडे ते आपोआप लागू होतं असं नाही. म्हणून त्याने पोलिसांना काही जबाब द्यायच्या आधी मानवी तस्करीच्या केसेस केलेल्या वकिलाला भेटा. नुकसानभरपाई मागता येते का तेही तिथेच विचारा, पालेर्मो करारात देशांनी तशी सोय ठेवावी असं म्हटलंय. आणि तक्रार करायची की नाही, साक्ष द्यायची की नाही, हे घरच्यांनी बैठक घेऊन ठरवायचं नाही. त्याचं त्याला ठरवू दे, वेळ लागला तरी लागू दे.

फोनचं काय ते लगेच बघा मात्र. तो एजंट किंवा तिकडचं कोणी अजून मेसेज करत असेल, 'तुझे पैसे बाकी आहेत', 'फोटो आहेत आमच्याकडे' असं काही, तर उत्तर द्यायचं नाही, पैसे पाठवायचे नाहीत, धमकावायला पण जायचं नाही, आणि डिलीटही करायचं नाही. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे ठेवा आणि तुमच्या देशातल्या मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइनला सांगा. ते 'बाकी' म्हणजे कर्ज नाहीये, माणूस बांधून ठेवायची दोरी आहे ती. आणि हो, त्याचा फोन तू तपासू नकोस, त्याच्याच हातात राहू दे, तो दाखवेल तेवढं बघ. तिकडे त्याचा फोन रोज तपासला जात असेल.

त्या मित्राबद्दल आईला एवढंच सांगेन की थांबा थोडं. अशा ठिकाणी आधी अडकलेल्याला 'दुसरे आणून दे मग तुला सोडतो' म्हणतात. तो मित्र दलाल असेल किंवा स्वतः अडकलेला असेल, आपल्याला माहीत नाही. तुझ्या भावाकडूनही कोणाची नावं मागितली असण्याची शक्यता आहे, आणि आईचे शाप ऐकताना तो स्वतःबद्दल काय ऐकत असेल याचा विचार कर.

मग आता घरात करायचं काय. 'जाऊ का?' म्हणाला की हसू नका आणि 'विचारतोस काय, जा की' असं ओरडूही नका. 'तुझं तू ठरव रे' असं साध्या आवाजात म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं, त्याच्याकडे बघत थांबायचं नाही. रोज एखादी अगदी लहान निवड त्याच्यासमोर ठेव, जिच्यात दोन्ही उत्तरं खरंच चालतील, पंखा किती वर ठेवायचा, आत्ता बाहेर पडायचं की संध्याकाळी. सुरुवातीला तो म्हणेल 'तुला चालेल ते', तर गप्प राहा थोडा वेळ, त्या शांततेची घाई करू नकोस. आणि ज्या दिवशी तो 'नको' म्हणेल, मग ते तुला कितीही गैरसोयीचं असो, त्याचा चेहरा बघ, कारण तो बघणार आहे की आता काय होतं. काहीच व्हायला नको. हे त्याच्या अनुभवाला जितक्या वेळा येईल तितकं चांगलं, आणि यात महिने जातात, मधेच एखादा आठवडा पुन्हा पहिल्यासारखा जातो, घाबरू नकोस. हळूहळू स्वतःच्या कमाईकडेही वळायला लागेल, पण 'कामाला लाग म्हणजे विसरशील' हे कोणाला बोलू देऊ नकोस.

कार्यक्रम तू जरूर कर. ३० जुलै हा मानवी तस्करीविरोधी दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये ठरवला, आणि तू नोकरी शोधणाऱ्या पोरांना शिकवतेस, यापेक्षा योग्य जागा कुठली. फक्त तो त्याच्याशिवाय कर, आणि त्याचं नाव, 'माझ्या जवळच्या एकाबरोबर', 'आमच्याच घरात' असलं काहीही नको, पोरं दोन मिनिटांत शोधून काढतात. साखळदंड बांधलेल्या हातांची पोस्टर्स पण नको. साखळदंड शोधत बसलेल्या माणसाला समोरचं ऑफर लेटर दिसत नाही.

त्यापेक्षा त्यांना ऑफरच दाखव. टायपिंगच्या कामाला अवाच्या सवा पगार, मुलाखत नुसती चॅटवर, तिकीट एका देशाचं आणि नोकरी म्हणे दुसऱ्या देशात, कामाला जातोय पण व्हिसा टुरिस्टचा, कॉन्ट्रॅक्ट तिकडे पोचल्यावर मिळेल, खर्च आम्ही करतो नंतर पगारातून कापू, आणि 'उद्यापर्यंत सांग नाहीतर जागा जाईल'. यातलं एकही दिसलं तरी थांबायचं आणि ज्या देशात जायचंय तिथल्या आपल्या दूतावासाला त्या कंपनीबद्दल विचारायचं. जाणाऱ्याने पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या कॉपी घरी ठेवायच्या, आणि घरच्यांशी एक साधा शब्द ठरवून जायचं, फोनवर तो शब्द आला की समजायचं हा संकटात आहे, कारण तिकडून बोलताना शेजारी कोणीतरी उभं असतं. पासपोर्ट कोणी 'ऑफिसमध्ये जमा कर' म्हणालं तर तीच धोक्याची खूण, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या कामाच्या ज्या ११ खुणा दिल्यात त्यात कागदपत्रं काढून घेणं आहे, पगार अडकवणं आहे, कर्जात गुंतवणं आहे. आणि मुलांना हे नक्की सांग की कोणी अडकलंच तर त्याने घरी कळवल्यावर आधी 'गेलास कशाला' ऐकू येता कामा नये. लाजेपायी कितीजण पहिला फोनच करत नाहीत.

पुढे कधी त्याला स्वतःहून बोलावंसं वाटेल, वर्षाने, पाच वर्षांनी, किंवा कधीच नाही. इसिसच्या कैदेतून सुटलेल्या नादिया मुराद बोलल्या, जगभर बोलल्या, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सदिच्छादूत झाल्या, २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते थोर आहे. पण न बोलणाऱ्याचं काही कमी नाही गं.

आत्ता मात्र तू त्याला इतकंच सांग की कार्यक्रमात त्याने बोलायचं नाहीये, ते तू रद्द केलंस, आणि विचारायची घाई तुझी झाली. फक्त त्यात 'तुला झेपणार नाही' असा सूर येऊ देऊ नकोस.

दाराचं मी कशी सांगू? उघडं ठेवलं तर त्याला पहारा वाटेल, बंद केलं तर कोंडल्यासारखं वाटेल, किंवा नेमकं उलटं. आतून कडी नीट लागतेय ना तेवढं बघून घे, बाहेरची कडी असेल तर काढून टाक, आणि दार कसं हवंय ते त्याला विचार. 'कसंही चालेल' म्हणाला तर त्याला सांग की तू उद्या पुन्हा विचारशील.